मोठ्या काकूच्या सणाचं शूटिंग

कंपनीची पांढरी व्हॅन सकाळी साडेसातला दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा आत्या तयार होऊन दोन तास उलटले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ती उजाडल्यापासून केस विंचरून, ओठ रंगवून जिन्यात बसली होती आणि जाता-येता प्रत्येकाला अडवून विचारत होती, "माझी उजवी बाजू चांगली दिसते की डावी?"

"पाठमोरी," आबा म्हणाले आणि कातर घेऊन खाली दुकानात गेले.

वरच्या खिडकीतून आबांची नात भिंगरी व्हॅनकडे बघत होती आणि खाली जायचं टाळत होती. व्हॅन तिनंच बोलावली होती. चहाच्या कंपनीत, जाहिरात विभागात लागून तिला दोन वर्षं होत आली होती, पण नोकरी अजून पक्की नव्हती. ही सणांची फिल्म नीट झाली, तर साहेब तिला पक्की करणार होते. नाही झाली, तर शेजारच्या टेबलावरचा गुळगुळीत भांगाचा सहकारी टपलेलाच होता. पण नोकरीच्या काळजीनं भिंगरी सहसा लपून बसत नसे. आजची भीती होती थापेची.

झालं होतं असं. यंदा शहरातल्या तीन धर्मांचे तीन मोठे सण एकाच पंधरवड्यात आले होते. कंपनीनं लगेच तीन रंगांचे डबे छापून घेतले, घोषणाही ठरली : 'सण कुणाचाही, चहा सगळ्यांचा.' मग बैठकीत साहेब म्हणाले, नट नकोत, खरं कुटुंब पाहिजे. भिंगरीच्या जिभेला कुठला दम! "साहेब, माझ्याच घरात तीन धर्म आहेत," ती म्हणाली. हे खरंच होतं. आबांचा एक, लग्न होऊन आलेल्या मोठ्या काकूचा दुसरा आणि आत्याच्या यजमानांचा, म्हणजे आतोबांचा, तिसरा. तिथंच थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण साहेबांचे डोळे चमकले आणि ती वाहवत गेली. "प्रत्येक सणाला आम्ही दहाच्या दहा जण एका टेबलाशी बसून चहा पितो!"

साहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांना काटा फार लवकर येतो. मागच्या महिन्यात टी-बॅगच्या दोऱ्यावरही आला होता.

खरी गोष्ट अशी, की या घरात दहा माणसं एका टेबलाशी कधीच बसली नव्हती. भांडण होतं म्हणून नव्हे. दुकान होतं म्हणून.

सणाच्या आधी शिंप्याच्या दुकानात काय धांदल उडते ते शिंप्यालाच ठाऊक. एकतीस वर्षांपूर्वी मोठी काकू नवी नवरी म्हणून आली, आणि तिच्या माहेरचा सण उजाडला त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं बटणं लावली. शेवटच्या कोटावर तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकलं, अस्तरावर डाग पडला आणि आबांना तो दिसला. त्यांनी तिच्या हातातला दोरा कातरीनं कापला आणि म्हणाले, "ज्याचा सण, त्याला सुट्टी. ज्याचा नाही, त्यानं हात चालवायचे." तेव्हापासून तो घरचा कायदा झाला. सणांची नावंसुद्धा मागे पडली, उरले ते मालक. मोठ्या काकूचा सण, आतोबांचा सण, आबांचा सण. कोणत्याही दिवशी कुणाचा ना कुणाचा सण नसायचाच, त्यामुळे दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं. काकूच्या जुळ्या मुलांनी मात्र यातही मेख मारली होती. एकानं आईचा सण घ्यायचा, दुसऱ्यानं आबांचा, असं ठरलं होतं. पण कोणता कोण हे लांबून कुणालाच ओळखू येत नसल्यामुळे दोघंही दोन्ही सुट्ट्या मारत.

आणि कंपनीला शूटिंगला मोकळा मिळालेला एकमेव दिवस नेमका मोठ्या काकूच्या सणाचा निघाला.

घरात आठवडाभर यावरून दोन तट पडले होते. आई आणि मोठी काकू या जावा-जावा एरवी मशीनजवळच्या खिडकीवरून भांडायच्या. एकीला वारा लागायचा, दुसरीला उकडायचं. पण या वेळी आई काकूच्या बाजूनं अशी उभी राहिली, की काकूलाच संशय आला.

"जाऊबाईंचा वर्षातला एक दिवस," आई भिंगरीला म्हणाली होती, "आणि तोच हवा का तुझ्या चहावाल्यांना?"

"वहिनी, अगं टीव्हीवर दिसणार आहोत आपण!" ही आत्या.

"तू दिसशील. जाऊबाई दमतील."

काकूनं दोघींचं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "सण माझा आहे, मी ठरवीन. येऊ देत. मी टेबलाशी बसेन, चहा पिईन. पण बशीसुद्धा इकडची तिकडे करणार नाही."

"काकू, त्यांना तेवढंच हवंय गं!" भिंगरीनं तिच्या गळ्यात हातच टाकले. आबांना तिनं एक तास दुकान बंद ठेवाल का म्हणून विचारलं, तेव्हा आबा "बघू" म्हणाले. या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण गरजवंताला अक्कल नसते, भिंगरीनं ते 'हो' धरलं.

व्हॅनमधून माणसं उतरली. कॅमेरावाला, दिवेवाला, कपड्यांची बाई आणि टोपी घातलेली दिग्दर्शिका. दिग्दर्शिकेनं वरची खोली बघितली, खिडकीतून टेबलावर पडणारं ऊन बघितलं आणि म्हणाली, "सुंदर! हे ऊन चारपर्यंत आहे. त्याच्या आत सगळं उरकायचं." मग तिनं घरच्यांना एका रांगेत उभं केलं आणि डोक्याला हात लावला.

"यात कोण कुठल्या धर्माचं आहे?"

"का हो?" आतोबांनी विचारलं.

"कळतच नाहीये. सगळे सारखे दिसताय. कपडेसुद्धा सारखेच."

"एकाच शिंप्याकडे शिवतो ना आम्ही," आतोबा म्हणाले.

यावर कंपनीचा तोडगा तयार होता. आबांच्या धर्माला तपकिरी, काकूच्या धर्माला जांभळा, आतोबांच्या धर्माला निळा. हे रंग कुठून आले म्हणून आईनं विचारलं, तेव्हा भिंगरीनं मान खाली घालून सांगितलं, की बैठकीतून आले. कोणत्याही धर्माला यातला कोणताही रंग लागू नव्हता, त्यामुळे कुणाचं मन दुखावण्याची भीती नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं. कपड्यांच्या बाईनं दहा जणांचे दहा पोशाख खालच्या कापायच्या टेबलावर ठेवले, कपडे बदलून वर या म्हणाली आणि स्वतः दिवे लावायला मदत करायला गेली.

बाईची चूक एवढीच, की तिनं शिवलेले कपडे शिंप्यांच्या ताब्यात देऊन पाठ फिरवली.

आबांनी आपलं तपकिरी जाकीट उचललं, उलटं केलं आणि चष्मा वर सरकवला. "हे कुणी शिवलं?"

"कंपनीनं, आबा," भिंगरी म्हणाली.

"कंपनीला हात असतात का? ही कॉलर बघ. कुत्र्यानं चावल्यासारखी. आणि बाही! अगं, उजव्या हाताची डावीकडे लावलीय!"

"आबा, कॅमेऱ्यात नाही दिसत."

"मला दिसतंय ना."

भिंगरी वरून बोलावणं आलं म्हणून गेली. तिनं जायला नको होतं. आबांनी फक्त कॉलर उसवली होती. मग बाबा आले, त्यांनी निळ्या कोटाची पाठ बघितली आणि न बोलता ब्लेड घेतलं. मग काका आले. हे दोघे भाऊ मिळून दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या हातून काय होतंय ते कळलंच नाही. आईनं झग्यांचा घेर सोडला. आत्याला स्वतःच्या झग्याची कंबर तेवढी एक बोट आत घ्यायची होती, तिनंही टाके काढले. अर्ध्या तासानं दिग्दर्शिकेनं वरून हाक मारली, तेव्हा कंपनीचे दहा पोशाख टेबलावर चाळीस-पन्नास तुकड्यांमध्ये पसरले होते आणि आबा समाधानानं म्हणत होते, "आता होतील नीट."

भिंगरी जिन्यात उभी राहिली आणि तिला हसावं की ओरडावं ते कळेना. आधी ती ओरडली. मग, काय झालं कोण जाणे, बाबांच्या हातात ती एकटी निळी बाही बघून तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना.

"किती वेळ लागेल?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"दुपारपर्यंत," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक आलं नाही तर."

गिऱ्हाईक आलंच. तीन दिवसांवर आतोबांचा सण होता, दाराशी माणसं उभी होती. 'बघू'चा अर्थ आता भिंगरीलाही कळला. गाण्याच्या पथकाची बाई वीस लहान कोट न्यायला आली. कोट शिवून तयार होते, पण एकालाही काजं-बटणं नव्हती. "आज संध्याकाळी पोरांचा सराव आहे हो," ती काकुळतीला येऊन म्हणाली. काकांनी नुसती मान हलवली, म्हणजे होईल. झालं! पोशाख राहिले बाजूला आणि सगळं घर कोटांना भिडलं. जुळ्यांपैकी एकानं माझा आज सण आहे म्हणून वर सटकायचा प्रयत्न केला. दुसरा म्हणाला, त्याचा नाही, माझा आहे. आईनं दोघांच्याही हातात इस्त्री दिली.

दोन वाजता साहेब आले. नवा कोरा कोट, हातात तीन रंगांचे तीन डबे. वर टेबल मांडलेलं, कप मांडलेले, उन्हाचा पट्टा बरोबर मधोमध. आणि टेबलाशी एकटी मोठी काकू, शेजारच्या खुर्चीवर पाय सोडून.

"बाकीचे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"कामात," काकू म्हणाली.

"पण आज सण आहे ना?"

"माझा आहे. त्यांचा कुठाय?"

साहेब सावकाश भिंगरीकडे वळले. "तू तर म्हणाली होतीस, प्रत्येक सणाला दहाही जण..."

भिंगरीला चार-पाच नव्या थापा सुचल्या. पण काकू बघत होती. "थाप मारली, साहेब. आम्ही कधीच एकत्र बसत नाही. एकाचा सण असला की बाकीचे दुकान बघतात. तसंच आहे आमचं."

साहेबांच्या अंगावर या वेळी काही आलं नाही. ते घड्याळाकडे बघून थंडपणे म्हणाले, "चारपर्यंत ऊन आहे. तोवर दहा माणसं या टेबलाशी दिसली, तर ठीक. नाहीतर फिल्म मी तुझ्या शेजारच्या टेबलावरच्याकडे देतो. आणि तुझं काय ते मग बघू."

इथेही 'बघू'! दोन वर्षं भिंगरी इतरांच्या आधी ऑफिसात जात होती, ते सगळं या टेबलावर येऊन अडकलं होतं. तिनं काकूकडे बघितलं नाही. तिला लाज वाटत होती, फिल्मची नव्हे, काकूचा दिवस मागितल्याची.

काकूनं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. चपला शोधल्या. एकतीस वर्षांत या दिवशी ती दुपारी दुकानाच्या दिशेनं गेली नव्हती, त्यामुळे ती जिना उतरू लागली तशी सगळी वरात तिच्या मागून निघाली. शेवटच्या पायरीवर ती थांबली. दुकानात तिनं पाऊल टाकलं नाही. ती वळली आणि तिनं साहेबांवर बोट रोखलं.

"आज तुमचा सण आहे का हो?"

"माझा? नाही, माझा पुढच्या आठवड्यात..."

"मग हात रिकामे कसे?"

"म्हणजे?"

"या घरात ज्याचा सण नाही तो आज काम करतो. तुम्ही घरात आलात ना? मग बसा. बटण लावता येतं?"

"मी जाहिरात विभागाचा प्रमुख आहे हो," साहेब म्हणाले.

"शिकाल," काकू म्हणाली. "आणि तुम्ही, टोपीवाल्या बाई?"

"मी दिग्दर्शन करते."

"सुईत दोरा ओवता येतो?"

"येतो."

"मग अडलंय कुठे?"

दुकानात मशीनं थांबली होती. आबा चष्म्यावरून बघत होते आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. ते हसू दाबत असले की असंच होतं. पथकाची बाई तर टाळ्या पिटायच्या बेतात होती. काकू एकेकाला विचारत सुटली. कॅमेरावाल्याचा सण नव्हता, काजं बघ. कपड्यांच्या बाईचा नव्हता, तिला आबांच्या शेजारी, तिची शिकवणी बाकी होती. मग आला दिवेवाला. चाळिशीचा, हडकुळा, सकाळपासून एक शब्द न बोललेला. त्यानं तारांचं वेटोळं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "माझा आहे, काकू."

"काय आहे?"

"सण. आजचाच. तुमचाच."

साहेबांनी घसा साफ केला. "अरे, मग सांगायचं नाही का तू?"

"कुणी विचारलं नाही, साहेब," दिवेवाला म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, त्यानं फक्त उत्तर दिलं होतं.

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. "वर जा," ती म्हणाली. "खिडकीजवळची खुर्ची घे. पाय वर करून बस. आणि कुणी हाक मारली तरी उठायचं नाही, कळलं?"

साहेबांनी एकदा दिवेवाल्याच्या पाठीकडे बघितलं, मग आपल्या कोटाकडे, आणि तो कोट काढून खुंटीला लावला. "दाखवा," ते काकांना म्हणाले. काकांनी दिवसातलं दुसरं वाक्य खर्ची घातलं. "चार भोकं, दोनदा."

त्यानंतर दुकानात जी धमाल उडाली ती काय सांगावी! साहेब जीभ बाहेर काढून बटण लावत होते आणि पहिलं बटण त्यांनी कोटाबरोबर स्वतःच्या शर्टालाही शिवून टाकलं. दिग्दर्शिका दोरा ओवण्यात इतकी पटाईत निघाली, की आबा म्हणाले, "नोकरी सोडलीस तर इथे ये." पथकाची बाई दाराशी येणाऱ्या गिऱ्हाइकांना "उद्या या, आज कंपनीची माणसं शिकताहेत" म्हणून परत पाठवत होती. बघता बघता असं झालं, की घरच्यांच्या हातात कामच उरलं नाही. बाबा उभे होते, काका उभे होते. रिकामे हात कुठे ठेवायचे हे त्यांना माहीत नव्हतं.

"वर चला की," काकू म्हणाली. "नाहीतरी इथे गर्दीच झालीय."

ते वर आले. आधी आई, मग आत्या पदर सावरत, मग आतोबा, जुळे, बाबा, काका, सगळ्यात शेवटी आबा, जिन्यात दोनदा मागे वळून बघत. बसले. आईनं किटली आणली आणि ओतता ओतता थांबली.

"अहो, आपण सगळेच आहोत," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. घरचं कुणी खाली नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. "आता काय करतात?" आतोबांनी विचारलं आणि आत्या अशी फिस्सकन हसली, की तिचा चहा जुळ्यांपैकी एकाच्या अंगावर गेला. नेमका कोणाच्या यावरून वाद सुरू झाला. खिडकीजवळ दिवेवाला पाय वर करून बसला होता आणि हसून हसून त्याला ठसका लागला होता. काका एकदम बोलू लागले. लग्नात काकूच्या वडिलांनी काकांचाच कोट कसा उलटा घातला होता, ही गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, आणि कुणालाही ती आधी माहीत नव्हती, काकूलासुद्धा नाही.

पावणेचार वाजले होते. ऊन अजून टेबलावर होतं.

भिंगरी उठून जिन्याशी गेली. हाक मारली की झालं! दहा माणसं टेबलाशी होती, थाप खरी ठरली होती, आता फक्त कॅमेरावाला वर यायला हवा होता. तो खाली तीन कोट मांडीवर घेऊन काजं घालत होता. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण तो उठला, की खाली एक माणूस कमी होणार. आणि मग वरून कोण उठेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. आई उठेल. तिच्या मागून सण असूनही काकू उठेल, मग बाबा, मग आबा, आणि पाच मिनिटांत सगळे आपापल्या मशीनवर असतील.

ती परत येऊन बसली. तिला वाईट वाटलं, अगदी खूप वाटलं. दोन वर्षांची मेहनत होती ती. पण काकांची दुसरी गोष्ट सुरू झाली होती आणि ती ऐकायची सोडून रडायला जाणं तिला परवडण्यासारखं नव्हतं. ऊन कधी गेलं ते तिनं बघितलंच नाही.

साडेचारला साहेब वर आले. बाह्या दुमडलेल्या, बोटाला चिंधी.

"ऊन गेलं," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"तुला कळतंय ना, फिल्म आता त्याच्याकडे जाणार?"

"कळतंय."

"मग हसतेस काय?"

"उद्या रडते, साहेब," भिंगरी म्हणाली. "आज माणसं आहेत घरात."

साहेबांनी टेबलाकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या दिवेवाल्याकडे, आणि बोटाची चिंधी घट्ट केली.

"कोट किती झाले?" काकूनं विचारलं.

"चौदा."

"म्हणजे सहा राहिले."

साहेबांनी मान डोलावली आणि निमूटपणे जिना उतरू लागले. अर्ध्यावर पोचल्यावर त्यांनी खालूनच आवाज दिला, "जरा चहा पाठवा हो इकडे!"

काकू सोडून नऊच्या नऊ जण एकदम उठले. एकमेकांकडे बघितलं. आणि काकूनं डोळे वटारले, तसे नऊच्या नऊ जण एकदम खाली बसले.

चहा शेवटी साहेबांनाच वर येऊन न्यावा लागला.